सतराव्या पानावरचे दोन फुगे

दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. आत्याचं पोट मात्र आयुष्यभर दात कोरूनच भरत आलं, आणि चांगलं भरत आलं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात. त्यांवरून ती साचे ओतते, मेणात दात रचते, एकेक कोरून जिथल्या तिथे बसवते आणि पक्की कवळी करून परत पाठवते. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं आहे, असं ती सांगते. त्यात अतिशयोक्ती असलीच तर थोडी. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं तर ती आधी दात ओळखते, माणूस नंतर.

आत्या ती दादाच्या मुलीची. मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि दूर निघून गेली, पण जाताना हे नाव इथेच ठेवून गेली. आता सगळी इमारत, दवाखान्यातले डॉक्टर आणि टपालवालासुद्धा तिला आत्याच म्हणतो. दादा आणि वहिनी यांच्याबरोबर ती राहते. वहिनी तिला वन्सं म्हणतात, आणि तेही बहुधा चिडवायचं असेल तेव्हा. लग्न का केलं नाहीस, असं कोणी विचारण्याची हिंमत केलीच, तर आत्याचं उत्तर तयार असतं: नवऱ्याला चौकटीत घालून भिंतीवर टांगता येत नाही.

भिंतीवर तिने टांगला आहे तो वज्रपंख. एका कधीच्या बंद पडलेल्या चित्रकथा मासिकाचा हा नायक. पाठीला पोलादी पंख, छातीवर पांढरं पीस, आणि जबडा असा की आत्याच्या हिशेबाने त्यात चौतीस दात तरी मावावेत. छापील अंक आत्या जमवत नाही. ते रद्दीवालेही जमवतात, असं ती नाक उडवून म्हणते. तिला लागतात ती मूळ पानं, चित्रकाराने स्वतःच्या हाताने जाड कागदावर काढलेली, ज्यांवरून मग अंक छापले गेले.

याची सुरुवात झाली ती आत्या नुकतीच कामाला लागली होती तेव्हा. शेजारचा छापखाना बंद पडला होता आणि तिथली रद्दी प्लास्टर विकणाऱ्या दुकानदाराने उचलली होती. एक दिवस प्लास्टरची पिशवी एका जाड कागदात गुंडाळून आली. कागद उलगडला तर आत वज्रपंख, मासिकातल्यापेक्षा दुपटीने मोठा आणि रंगाशिवाय. लहानपणी जो तिला थेट आभाळातून उतरल्यासारखा वाटायचा, तो इथे कोणीतरी खुर्चीवर बसून काढलेला होता. शाईखाली पेन्सिल दिसत होती. चुकलेल्या हातावर पांढरा रंग फासून तो हात पुन्हा काढला होता. आत्याचं तेव्हाचं सगळं शिक्षण चाललं होतं ते केलेलं काम केलेलं दिसू नये यासाठी, आणि इथे कोणीतरी आपली सगळी मेहनत उघडी ठेवून गेला होता. तिला एकदम भरून आलं. त्या दुकानदाराकडची सगळी रद्दी ती घरी घेऊन आली आणि बदल्यात त्याच्या आईला कवळी करून दिली. म्हातारी त्या दातांनी पुढे कित्येक वर्षं सुनेशी भांडली.

सतरावं पान त्या रद्दीतच मिळालं, आणि संग्राहकांच्या जगात आत्याला जी काही पत आहे ती त्या पानामुळे. हे जग लहान आहे. चौकटी बनवणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत पाचसात जण महिन्यातून एकदा जमतात, आपापली पानं मांडतात आणि एकमेकांना मूर्खात काढतात. सतराव्या पानावरून जितकी भांडणं झाली तितकी कशावरूनच झाली नाहीत.

गोष्ट तशी सोपी. धरण फुटायला आलं आहे. दरवाजा उघडा राहायचा तर एक लोखंडी चाक कोणीतरी सतत दाबून धरायला हवं, आणि तिकडे खाली गावातली माणसं छपरांवर चढून बसली आहेत. सतराव्या पानाच्या शेवटच्या चित्रात चाकाच्या एका बाजूला वज्रपंख आहे, दुसऱ्या बाजूला धरणावरची कामगार बाई, डोक्याला फडकं, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. वज्रपंखाच्या तोंडाशी मोठा फुगा: ‘तू जा. इथलं मी बघेन.’ बाईच्या तोंडाशी छोटा: ‘आणि तुझं काय?’ पान उलटलं की वज्रपंख गावावर उडतो आहे आणि चाकाला बाई एकटी लटकली आहे.

म्हणजे जा म्हणणारा गेला आणि जिला जा म्हटलं ती राहिली. असं कसं, यावर त्या मागच्या खोलीत डोकेफोड चाले. एकाचं म्हणणं, बाई हट्टी होती, तिने ऐकलंच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, मधलं एखादं पान छापायचं राहिलं. आत्याचं म्हणणं असं की वज्रपंख बाईची परीक्षा बघत होता, आणि हे तिने इतक्या ठासून इतकी वर्षं सांगितलं होतं की बाकीच्यांनी वाद घालणं सोडून दिलं होतं. त्या चित्रात एकच गोष्ट तिला खटकायची. बाईच्या डोक्यामागची भिंत. बाकी चित्र कसं रेखीव, आणि या विटा मात्र वाकड्यातिकड्या, घाईत रेघोट्या ओढल्यासारख्या. ही भिंत बांधताना गवंडी जेवायला गेला होता, असं आत्या म्हणे, सगळे हसत, आणि विषय तिथे संपे.

‘तू जा. इथलं मी बघेन.’ या ओळीवर सगळ्यात जास्त जीव होता तो त्या पाचसात जणांतल्या कप्तानाचा. कप्तान खरं तर कप्तान नव्हता. जहाजाच्या इंजिनावर त्याची सगळी नोकरी गेली, पण किनाऱ्यावर एवढा फरक कोण करतो. आपल्या केबिनच्या दारावर आतून त्याने ही ओळ रंगवून घेतली होती आणि नव्याने आलेल्या प्रत्येक खलाशाला तो ती वाचायला लावी. या कप्तानाकडे त्याच अंकाचं मुखपृष्ठ होतं, मूळ चित्र, रंगासकट. त्यावर वज्रपंख चाकाला भिडलेला, दंडावरच्या शिरा तटतटलेल्या, मागे पाण्याचा डोंगर. आत्याने शाळेत असताना हे चित्र वह्यांच्या मागे इतक्यांदा काढलं होतं की गणिताच्या बाईंनी दादाला बोलावून घेतलं होतं. मुखपृष्ठासाठी ती कप्तानाच्या मागे वर्षानुवर्षं लागली होती. कप्तानाचं उत्तर ठरलेलं: सतरावं पान आणा. आणि आत्याचंही ठरलेलं: मेल्यावर.

मग एका सकाळी कप्तानाचा फोन आला. त्याचे डोळे थकत चालले होते. मुखपृष्ठ लांबून दिसतं, म्हणाला, पण ती ओळ हातात धरून जवळून वाचावी असं फार वाटतं, आणि अजून वाचता येतंय तोवर वाचावी. शेवटचं विचारतो, अदलाबदल करता का? आत्याने फोन कानाला धरूनच समोरच्या भिंतीकडे पाहिलं. सतराव्या पानावर तिचा जीव होता, नाही असं नाही, पण मुखपृष्ठ हे तिचं बालपण होतं. येत्या रविवारी येते, असं सांगून तिने फोन ठेवला आणि वहिनींना हाक मारली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वन्सं, लग्न ठरल्यासारखा चेहरा झालाय तुमचा.

अदलाबदलीचे या लोकांचे नियम पक्के आहेत. चित्र चौकटीतून काढून, उघडं, पाठपोट दाखवायचं. दोघांनी हात धुवायचे. दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवायची आणि चहा होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. मग ज्याला सौदा मान्य आहे त्याने आपलं चित्र पालथं घालून ‘ठरलं’ म्हणायचं. दोघांनी म्हटलं की संपलं, मग ब्रह्मदेव आला तरी माघार नाही.

तेव्हा आदल्या दुपारी आत्याने सतरावं पान भिंतीवरून उतरवलं, काच काढली आणि कागद कामाच्या टेबलावर ठेवला. ठेवता क्षणी दोन्ही फुगे घरंगळून खाली पडले.

यात आश्चर्य काही नव्हतं. त्या काळी संवाद चित्रावर लिहीत नसत. पातळ कागदावर वेगळे लिहून, फुग्याच्या आकारात कापून, खळीने चित्रावर चिकटवत. खळ वाळून तिची पूड झाली होती, एवढंच. आत्याने मैद्याची ताजी खळ शिजवली, बारीक कुंचला घेतला, दिवा खाली ओढला आणि छापील अंकात आहेत तसे फुगे परत लावण्यासाठी ती कागदावर वाकली. आणि तशीच वाकून राहिली.

वज्रपंखाच्या मागे, जिथे मोठा फुगा होता, तिथे भिंत होती. पुरी, सुरेख, वीट न् वीट चित्रकाराच्या हातची. मधे फक्त एक लहानसा गोल कोरा सोडलेला. आता झाकल्या जाणाऱ्या जागी कोणी इतका जीव ओततो का? चित्रकार शाई वाचवणारा माणूस होता, फुग्याखाली त्याने कधी रेघसुद्धा वाया घालवली नव्हती, हे आत्याला त्याची बाकीची पानं पाहून पाठ होतं. मग तिने बाईच्या मागे पाहिलं. तिथे छोट्या फुग्याखाली कोरं होतंच, पण त्याच्या भोवतालच्या त्या वाकड्या विटांखाली पुसट निळ्या पेन्सिलीची एक रेघ होती, लांबट, अंड्यासारखी. आत्याने मोठा फुगा चिमट्याने उचलला आणि त्या रेघेवर ठेवला. तो तिथे असा बसला की जणू मोजून घेतलेला. छोटा फुगा तिने वज्रपंखाकडच्या गोलात ठेवला. तोही बसला. खळीचे डागही दोन दोन होते, एक जुना तपकिरी, एक नंतरचा फिकट.

तिने वहिनींना बोलावलं. वहिनींना चित्रकथेतलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी पाहिलं आणि वाचलं. आता बाई म्हणत होती, ‘तू जा. इथलं मी बघेन.’ आणि वज्रपंख विचारत होता, ‘आणि तुझं काय?’

“मग बरोबर आहे की,” वहिनी म्हणाल्या. “तो गेला, ही राहिली.”

आत्या खुर्चीत मागे टेकली. मासिकाच्या कार्यालयातल्या कोणा शहाण्याला वाटलं असणार की असलं वाक्य एका कामगार बाईच्या तोंडी शोभत नाही, ते नायकाचंच हवं. त्याने फुगे सोडवून उलटे लावले, उरलेल्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हाताने विटा खरडल्या, आणि अंक छापायला पाठवला. इतकी वर्षं ती बाई हट्टी ठरली, आणि आत्याने तर तिला परीक्षेला बसवलं होतं. आत्याला आपला राग आला, फार आला. चूक झाली तर ती कबूल करायला आत्याला जड जात नाही, फक्त तशी वेळ तिच्यावर फारशी येत नाही.

वहिनींनी मग मुद्द्याचं विचारलं. कप्तानाला हवी ती ओळ वज्रपंखाच्या तोंडी. असं पान तो घेईल का? आत्या म्हणाली, नाही घेणार. वहिनी जरा घुटमळल्या. त्यांनी मुखपृष्ठासाठीचं झुरणं रोज पाहिलं होतं. मग हळूच म्हणाल्या की छापलंय तसंच लावून दिलं तर त्याला खोटं कोण म्हणणार, अंकातही तसंच आहे, आणि त्या माणसालाही तेच हवंय.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “उद्यापासून मी वरचे दात खाली आणि खालचे वर बसवून द्यायला लागू का? मागणारा म्हणाला तर?”

आणि तिने कुंचला खळीत बुडवला. मोठा फुगा बाईकडे लावला, छोटा वज्रपंखाकडे, वर स्वच्छ कागद ठेवून अंगठ्याने दाबला. पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही, आणि दादाने विचारलं तेव्हा दात दुखतोय म्हणाली, जे त्या घरात कोणीच खरं मानलं नाही.

रविवारी कप्तानाच्या घरी सगळं नियमाने झालं. हात धुतले, टेबल पुसलं, चित्रं शेजारी शेजारी ठेवली. स्वयंपाकघरात कप्तानाच्या बायकोने चहाचं आधण ठेवलं होतं. ही बाई शांत, नवऱ्याच्या या नादाकडे कधी न फिरकणारी. आत्याने तिला इतक्या वर्षांत कपबशीच्या पलीकडे फारसं पाहिलं नव्हतं. कप्तानाने भिंग घेतलं आणि पानावर सरकवत शेवटच्या चित्रापर्यंत आणलं. तिथे भिंग थांबलं.

चहा व्हायचा होता, तरी तो बोलला. हे उलटं लागलंय, म्हणाला. आत्याने त्याला विटा दाखवल्या, निळी रेघ दाखवली, खळीचे डाग दाखवले. कप्तान इंजिनावरचा माणूस, पुरावा पुढे आला की त्याला नाकारता येत नसे. त्याने भिंग खाली ठेवलं.

“आत्याबाई, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण मी आयुष्यभर ही ओळ त्याच्या तोंडून ऐकली. मला तशीच लावून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. मुखपृष्ठ तुमचं.”

मुखपृष्ठ तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं. लाल रंग अजून ताजा. आत्याने त्याच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं, कारण आता ते पुन्हा कधी दिसणार नाही हे तिला कळलं होतं. ती म्हणाली की तशी लावणार नाही, त्या बाईचं बोलणं तिच्या तोंडून आता दुसऱ्यांदा कोणी काढून घ्यायचं नाही. आणि तिने पान उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात कप्तानाची बायको चहा घेऊन आली. टेबलावर ट्रे ठेवायला जागा नव्हती म्हणून ती उभी राहिली, आणि उभ्याने तिची नजर खाली पानावर गेली. कप्तानाने वैतागून तिलाच पंच केलं. तूच सांग, म्हणाला, पुढच्या पानावर हा उडून जातो आणि ही मागे राहते, तर हे वाक्य कुणाचं वाटतं, याचं का हिचं?

तिने ओळ वाचली. मग ते चाक, ती बाई, बाईच्या सरकवलेल्या बाह्या, सगळं सावकाश पाहिलं.

“हिचंच,” ती म्हणाली. “जाणारा असं कशाला म्हणेल?”

“माझ्या दारावर होती ही ओळ,” कप्तान म्हणाला. “इतकी वर्षं.”

“दारावर होती. पण जहाजावर तुम्ही होतात. इथे तुमची आई, दोन पोरं आणि गळकं छप्पर घेऊन मी होते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. कप्तान म्हणाला की तू तर कधी असं काही बोलली नाहीस.

“बोलले होते,” ती म्हणाली. “पहिल्यांदा निघालात तेव्हा, धक्क्यावर. तुम्ही जा, इथलं मी बघेन, असंच म्हणाले होते. तुम्हाला ऐकू गेलं नसेल. भोंगा वाजत होता.”

तिने ट्रे खुर्चीवर ठेवला आणि चहा कपांत ओतला. कप्तानाने पुन्हा भिंग उचललं आणि पानावर वाकला. या वेळी त्याने वज्रपंखाकडे पाहिलंच नाही. डोक्याचं फडकं, कपाळावरची आठी, चाकावर घट्ट आवळलेली बोटं, असं एकेक पाहत तो इतका वेळ वाकून राहिला की चहावर साय धरली. मग सरळ होऊन त्याने मुखपृष्ठ दोन्ही हातांनी उचललं, पालथं घातलं आणि आत्याच्या दिशेने सरकवलं.

“ठरलं,” तो म्हणाला. “आहे तसंच.”

आत्याने कप्तानाच्या बायकोकडे पाहिलं. ती कप हातात धरून अजून त्या चित्राकडेच बघत होती. हे पान आपण शोधलं, त्यातलं खरं आपण काढलं, आणि ते आपल्या भिंतीवर दोन दिवससुद्धा राहिलं नाही, हे आत्याला लागलं. पण तिने आपलं पान पालथं घातलं आणि ठरलं म्हणाली, स्वच्छ आवाजात.

घरी आल्यावर मुखपृष्ठ चौकटीत गेलं आणि सतराव्या पानाच्या रिकाम्या खिळ्यावर चढलं. दादाने काही ना काही निमित्त काढून दोनदा ते सरळ केलं. वहिनी हात पुसत आल्या आणि त्यांनी लांबून, मग जवळून बघून घेतलं. रंग छान आहेत, म्हणाल्या. पंख छान आहेत. मग त्यांची नजर चाकाच्या दुसऱ्या बाजूला गेली, तिथे नुसतं पाणी होतं.

“वन्सं,” त्यांनी विचारलं, “यात ती बाई कुठे आहे?”

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

“ती?” ती म्हणाली. “तिच्या घरी.”